दारावरून गेलेला सॅन इसिद्रो

आपल्याच घराच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कुणी परका माणूस "जरा बाजूला व्हा, फोटोत येताय" असं सांगू शकतो, हे मी लुकबानला पाहिलं. २०१९च्या मे महिन्यातली गोष्ट. इतकी वर्षं झाली, पण त्याने हाताने केलेला तो इशारा आठवला की अजून माझं डोकं तापतं.

लुकबान हे फिलिपिन्सच्या केसोन प्रांतातलं, बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं गाव. नवऱ्याची नोकरी लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, त्यामुळे आम्ही लुकबानपासून फार लांब राहत नव्हतो. आमच्या शेजारणीचं सासर लुकबानचं. १५ मे हा सॅन इसिद्रो लाब्रादोर या शेतकऱ्यांच्या संताचा दिवस, आणि त्या दिवशी तिथे 'पाहियास' असतो. मिरवणूक ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावरची घरं आपापल्या पिकांनी सजतात. पूर्वी म्हणे शेतकरी सुगीचा माल चर्चमध्ये नेऊन मांडत. पुढे तिथे जागा पुरेना, म्हणून दारातच मांडायचा आणि पाद्रीबाबांनी जाता जाता आशीर्वाद द्यायचा, असं सुरू झालं. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. एकदा एका गल्लीची पाळी होऊन गेली की ती पुन्हा यायला वर्षं जातात. पुढचं सगळं कळायला एवढी गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

शेजारणीच्या सासूला आम्ही सगळे लोला म्हणायचो, म्हणजे आजी. मी आदल्या महिन्यातच एकदा किपिंग बघायला त्यांच्याकडे गेले होते. किपिंग म्हणजे तांदळाची पानं. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात रंग घालायचा, कबालच्या झाडाच्या पानावर ते पीठ पातळ पसरायचं आणि वाफवायचं. गार झालं की झाडाचं पान हलकेच सोडवायचं. आमच्याकडे फेण्या वाफवून सोलतात, अगदी तसंच. पण फेणीला नसते ती गोष्ट इथे असते: पानाची शीर न् शीर तांदळावर उमटते. मग ती पानं एकावर एक रचून वजनाखाली दाबून वाळवायची, नाहीतर वाकतात. वाळलेलं किपिंग उजेडासमोर धरलं की रंगीत काचेसारखं आरपार दिसतं. लोलाची बोटं वाकडी झाली होती, तरी पान सोडवायचं काम ती सुनेला करू देत नव्हती. सुनेच्या हातून कोपरे फाटतात, असं तिचं म्हणणं. शेकडो पानं दोऱ्यात ओवून त्यांची झुंबरं करतात, त्यांना अरान्या म्हणतात. तिच्या घराला तशी दोन मोठी झुंबरं लागणार होती.

काम करता करता गप्पा झाल्या. इसिद्रो हा माद्रिदचा, बाराव्या शतकातला शेतमजूर. तो प्रार्थनेत असला की देवदूत त्याचा नांगर चालवत, अशी कथा आहे. १६२२ साली रोममध्ये त्याला संतपद मिळालं, त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियरलाही मिळालं. मी म्हटलं, त्या झेवियरचं शव आमच्या शेजारी गोव्यात आहे, दहा वर्षांनी एकदा दर्शनाला काढतात. लोलाला हे फार आवडलं. "मग आमच्या गल्लीसारखंच," ती म्हणाली. "आमच्याकडेही तो वर्षांनी येतो. या खेपेला बघितला की पुढच्या पाळीला मी असेन, नसेन."

उत्सवाच्या दिवशी गल्ली ओळखू येत नव्हती. दोनच दिवसांपूर्वी, १३ मेला, देशात निवडणूक झाली होती. विजेच्या खांबांवरून उमेदवारांचे चेहरे अजून उतरले नव्हते. त्यांच्या खाली भाताच्या लोंब्यांचे पडदे, वांगी, मुळे, भोपळे, अननस, केळीचे घड, बुंताळ या धाग्याच्या विणलेल्या टोप्या आणि लॉंगानिसाच्या माळा. लुकबानचा हा सॉसेज लसूण आणि ओरेगानोने घमघमतो. त्याच्या जुड्या दारावर तोरणासारख्या टांगतात आणि नंतर तळून खातात. कोपऱ्यावर पानसित हबहब मिळत होतं: केळीच्या पानावर नूडल्स, वर व्हिनेगर. काटा नाही, बोटंही लावायची नाहीत. पान उचलून थेट तोंडाला लावायचं. मी दोन पानं संपवली.

लोलाचे गुडघे गेलेले. मुलाने तिची प्लास्टिकची खुर्ची दाराच्या उजव्या बाजूला, बरोबर अरान्याखाली ठेवली. तिने आदल्या दिवशी इस्त्री केलेला झगा घातला होता. ती सकाळपासून तिथून हलली नाही, पाणीसुद्धा बेताने पीत होती, उठावं लागू नये म्हणून.

गर्दी वाढत गेली. एका प्रवासी कंपनीच्या बसमधून मोठा घोळका उतरला. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. एकीने भिंतीवरचं लाल किपिंग तोडून केसात खोवलं. तिचं बघून दुसरीने तोडलं. एक मुलगा बाकावर चढला आणि झुंबराची खालची अख्खी ओळ त्याने ओढून काढली. अननस गेला, दुधीसारखी सायोते गेली. मिरवणूक अजून चर्चपाशीच होती! आशीर्वाद ज्याला द्यायचा, तो मालच भिंतीवरून कमी होत होता. सून दोनदा म्हणाली, "मिरवणूक गेल्यावर देऊ, नंतर देऊ." सगळ्यांनी हसून मान डोलावली.

आणि मग तो माणूस आला. मोठी लेन्स, खांद्याला दोन बॅगा. घराची चौकट त्याला आवडली असावी. त्याने दोन-तीन ठिकाणी उभं राहून पाहिलं. अडचण होती ती निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीची आणि तीत बसलेल्या लोलाची. त्याने आवाजही चढवला नाही. अगदी सभ्यपणे, हाताने, जसं आपण दारातली चप्पल सरकवतो तसं, बाजूला व्हायला सांगितलं. आणि लोला उठली. कुणी सांगितलं की उठायचं, ही सवय आयुष्यभराची असणार. तिने खुर्चीची पाठ धरली, मी दुसरी बाजू धरली, आणि आम्ही ती भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात नेली. त्याने फोटो काढले. तो सरकला, तेवढ्यात मोकळी झालेली जागा दहा माणसांनी भरली, आणि बँडचा आवाज आला.

मी ओरडले. मराठीत, इंग्रजीत, जे सुचेल ते. लोलाचा मुलगा पुढे घुसायला बघत होता, पण समोर पाठीच पाठी, वर उंचावलेले फोन. "विवा सॅन इसिद्रो" असा गजर झाला. संताची मूर्ती आमच्या दारापुढे आली, क्षणभर थांबली असेल, आणि पुढे गेली. लोलाला दिसली ती मूर्तीवरच्या फुलांची टोकं. तिने क्रूसाची खूण केली ती समोरच्या कुणाच्या तरी पाठीकडे बघून.

मिरवणूक गेल्यावर घरात जेवणं सुरू झाली. तिथली रीत अशी की फिएस्ताला दारासमोरून जाणाऱ्या कुणालाही "काइन तायो", चला जेवू, म्हणायचं. हार्दिनेरा हा मांसाचा पदार्थ होता, सुमान म्हणजे पानात गुंडाळलेला चिकट भात होता, पुरुषांसाठी लांबानोग ही नारळाची दारू होती. तासाभराने तो फोटोवालाच घामाघूम होऊन दाराशी आला आणि लोलाने त्याला आत बोलावून ताट वाढलं. माझ्या हातून त्याला भाताचं भांडं पुढे सरकवलं गेलं नाही, मी उठून मोरीपाशी गेले. नंतर मी सुनेमार्फत लोलाला विचारलं, का वाढलंस? ती म्हणाली, "उन्हात उभा होता दिवसभर."

तिचं मन मोठं. पण त्याने त्याचं वागणं बरं ठरत नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण नंतर ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यांनी लोलाच्या उत्तराचंच कौतुक केलं आणि त्या माणसाला सोडून दिलं. आपल्याकडेही आषाढीच्या वारीत रिंगण बघायला जन्मभर चालत आलेल्या बाया मागे आणि कॅमेरे पुढे, हे होतंच. जो उत्सव ज्याचा आहे, त्याला पहिली जागा मिळाली पाहिजे. दोरी बांधा, घरच्यांसाठी दोन हात जागा राखा. हे अवघड नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, बाहेरच्यांना या गल्ल्यांत येऊच देऊ नये. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. लोलाचा मुलगा दुसऱ्याच्या खाचरात भात लावतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तांदळाच्या आयातीवरची मर्यादा उठवणारा कायदा लागू झाला होता आणि तो जेवताना त्याच्याबद्दलच बोलत होता. सप्टेंबरच्या सुगीपर्यंत त्याची भीती खरी ठरली, काही भागांत भाताला किलोमागे दहा पेसोंच्याही खाली भाव मिळाला. १९६६ साली आय.आर. ८ हे भाताचं वाण ज्या लॉस बान्योसहून जगभर गेलं, तिथून हे खाचर मोटारीने फार लांब नाही. उत्सवाच्या आठवड्यात त्याच्या बायकोने लॉंगानिसा विकून जे मिळवलं, ते त्याला अख्ख्या हंगामात भातातून सुटलं नाही. विकत घेणारे बसमधून आलेलेच होते. तरीही मला ती निळी खुर्ची उचलल्याचा राग आहे, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

तुम्ही कधी मे महिन्यात मनिलाला असाल तर लुकबानला जरूर जा. भिंतीवरचं काही तोडू नका, मिरवणूक गेल्यावर घरचे स्वतः हातात देतात. जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. आणि निघताना लॉंगानिसाची जुडी ज्या घरी जेवलात त्या घरच्या बाईकडूनच घ्या, घासाघीस न करता.