वाऱ्यावर उभी

थंडीच्या दिवसांत तुर्भ्याला दोन वारे असतात. सकाळचा डोंगराकडून येतो, खाणींची धूळ आणि वाळल्या गवताचा वास घेऊन. दुपार कलता कलता तो दमतो आणि खाडीकडून दुसरा सुटतो, ओलसर, खारा, मार्केटातल्या कांद्याचा उग्र दर्प वाटेत उचलून आणणारा. खाली ठाणे-बेलापूर रस्ता दिवसभर धडधडतो. ट्रक, टँकर, टेम्पो, पलीकडून जाणारी लोकल. कशालाही उसंत नाही. आणि या सगळ्या धावपळीच्या वर, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात माजलेल्या गवतावर, एक पक्षी हवेत उभा असतो.

उडत नाही, बसत नाही. उभा.

ही खरुची. ससाण्यांच्या कुळातली, लांबीला दीड वीत, वजनाला दोनशे ग्रॅमच्या आगेमागे. आयर्लंडपासून जपानपर्यंत आणि खाली आफ्रिकेच्या माळांवर ती सगळीकडे आहे. इतकी सगळीकडे, की पक्षी पाहणारेही पुष्कळदा वहीत नुसतं नाव टिपून पुढे जातात. मला ते खटकतं. जे सर्वत्र आहे ते पाहायला वेळ द्यायचा नाही, असं कुणी ठरवलं?

एका दुपारी खाडीवारा जोरात होता आणि नर माझ्यापासून फार दूर नव्हता. राखाडी डोकं, विटकरी पाठीवर काळे ठिपके, डोळ्याखालून ओघळलेली काळी रेघ, उघडलेल्या राखाडी शेपटीच्या टोकाशी काळा पट्टा आणि त्याला पांढरी किनार. पंख भराभर थरथरत होते. झोत आला की थांबत, किंचित मागे दुमडत, शेपटी एका अंगाला कलत असे, सगळं शरीर वर उचललं जाई, डावीकडे ढकललं जाई, पुन्हा सावरे, आणि या साऱ्या उलथापालथीत डोकं मात्र जागचं हलत नव्हतं. हवेत थांबलेल्या खरुचीचं डोकं काही मिलिमीटरच इकडेतिकडे होतं. डोकं ढळलं तर खालच्या पात्यांतली उंदराची हालचाल निसटते, म्हणून मान लांबते, आखडते आणि वाऱ्याचा प्रत्येक धक्का मधल्यामध्ये झेलते.

शरीर वाऱ्याचं. नजर तिची.

माझे वडील मार्केटात माथाडी होते. पाठीवर गोणी आली की पाऊल उचलण्याआधी ते क्षणभर तसेच थांबत. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस नुसता उभा दिसे. पण पोटऱ्या ताठ झालेल्या असत, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि चेहरा मात्र शांत. खरुचीकडे पाहताना मला तो क्षण आठवतो. स्वस्थ दिसण्यात केवढी मेहनत असते, हे मला त्या दोघांनी दाखवलं.

वडील जावळीकडचे. ‘गावाकडं ही कड्यात राहायची,’ ते म्हणत, ‘पण काडी म्हणून आणायची नाही.’ खरंच होतं. सह्याद्रीच्या कड्याकपारींत या पक्ष्याची थोडी गडद रंगाची जात बारमाही राहते. घरटं बांधण्याची रीत त्यांच्यात नाहीच. कपारीतली उघडी जागा किंवा कावळ्यानं सोडलेलं जुनं घरटं चालतं. तिथं तांबूस ठिपक्यांची तीन ते सहा अंडी, चारेक आठवडे मादीचं बसून राहणं, आणि तिच्यासाठी नराच्या सारख्या खेपा. थंडीत त्यांच्या जोडीला उत्तरेकडच्या खरुच्याही उतरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, हिमालय ओलांडून. एप्रिलपर्यंत त्या परततात.

संध्याकाळी याच रस्त्यावरून पोपटांचे थवे कलकलाट करत झाडांकडे जातात. 2008 साली जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की ससाण्यांचं जवळचं नातं गरुड-घारींशी नाही, या पोपटांशी आणि चिमण्यांशी आहे. तेव्हापासून मला ते दोघे एका आभाळात दिसले की उगाच आनंद होतो.

ती खाली येते तीही एकदम नाही. थोडं उतरते, थांबते. आणखी उतरते, पुन्हा थांबते. मग पंख मिटतात. गवत हलतं, आणि पायात काहीतरी धरून ती दिव्याच्या खांबावर जाऊन बसते. चोचीच्या कडेला ससाण्याचा तो एक टोकदार दाता असतो. मानेवर त्याचा एक चावा, आणि उंदीर निपचित. पुढे न पचलेले केस-हाडं गोळी करून ती ओकून टाकते. खांबाखाली शोधलं तर सापडते ती गोळी, करड्या केसांत गुरफटलेल्या सुईएवढ्या हाडांची.

सकाळी डोंगराकडे तोंड, दुपारी खाडीकडे. वारा फिरला की ती फिरते, कारण समोरच्या वाऱ्याखेरीज तिला उभंच राहता येत नाही.

गोदामं, कारखाने चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उंदरांसाठी ठेवलेलं रक्त पातळ करणारं विष उंदरापाशी थांबत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि वरून आधी तोच दिसतो. उंदीर मारायचेच असतील तर पिंजरे लावा, विष ठेवू नका. आणि आवाराच्या कडेचं गवत थंडी सरेपर्यंत कापू नका.