खुर्च्या गोल मांडा

आमचे एक सहकारी, अकोल्याच्या उर्दू शाळेतले जुने उस्ताद, अल्लाहला प्यारे झाले. मुलांसाठी लिहिलेल्या अकरा गोष्टी त्यांनी रात्री जागून संगणकावर टाइप करून ठेवल्या होत्या. चाळिसाव्यानंतर भाभींनी एक पेनड्राइव्ह आमच्या हातावर ठेवला. “इनकी किताब निकल जाए तो देखो,” एवढंच म्हणाल्या.

फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. गोष्टी एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि ते ज्या जुन्या संगणकात होतं तो केव्हाच भंगारात गेला होता. माणसाचं लिखाण घरात आहे, पण वाचता येत नाही! भाभींना काय सांगावं, हा प्रश्न कित्येक महिने आमच्या मानेवर बसून होता.

अशात एक जुना विद्यार्थी भेटला. तो म्हणाला, “सर, कोचीला चला. तिथं असल्याच गोष्टींवर बोलणारे लोक जमणार आहेत.” २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, १० ते १७ तारखेला, तिथं ‘डेबकॉन्फ’ भरणार होती. डेबियन ही १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली मुक्त संगणकप्रणाली. मुक्त म्हणजे वापरा, आतून तपासा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणाची परवानगी नको. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि वर्षातून एकदा जमतात. भारतात ही परिषद पहिल्यांदाच होत होती. नुसतं हजर राहायला फी नव्हती, हे ऐकून आम्ही किरकोळ रजेचे अर्ज टाकले. आम्ही तिघे, दोघे अकोल्याचे आणि एक बाई अमरावतीच्या.

मोठ्या सभागृहातली व्याख्यानं आमच्या डोक्यावरून गेली, हे कबूल करायला लाज नाही. आमचं इंग्रजी बीएडच्या पेपरापुरतं. पण बाजूच्या खोल्यांत दुसरंच काही चाललं होतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत, प्रास्ताविक नाही. या बैठकांना ते ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणतात, म्हणजे एका पिसाचे पक्षी. ज्याला विषय मांडायचा तो नाव देतो, वेळ नि खोली मिळते, ज्याला ओढ आहे तो येऊन बसतो. बोलावणारा भाषण करत नाही, प्रश्न टाकतो. कोणीतरी सगळ्यांना दिसेल अशा सामायिक पानावर टिपणं लिहितो. उठण्याआधी कोण काय करणार ते ठरतं. आपल्याकडे मशविरा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? फक्त आपल्या बैठकीत चहा आधी येतो.

वेळापत्रकात आपला विषय घालायची हिंमत आम्हाला झाली नाही. आमच्या विद्यार्थ्याने जेवणाच्या टेबलावर एक कागद उभा केला, ‘उर्दू, जुन्या फाइली’. पंधरा मिनिटं कोणी फिरकलं नाही. मग पाच जण आले. त्यातल्या एका तरुणाने दुखणं समजावून सांगितलं. जुन्या सॉफ्टवेअरने अक्षरांना आपले स्वतःचे क्रमांक दिलेले असतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. शिवाय नस्तालीक लिपी संगणकाला जड जाते. तिच्यात शब्द तिरपा खाली उतरत जातो आणि शेजारी बदलला की अक्षराचं रूप बदलतं. म्हणूनच मिर्झा अहमद जमील यांना नूरी नस्तालीकसाठी जोडाक्षरांच्या हजारो आकृत्या कराव्या लागल्या होत्या. आता नोटो नस्तालीकसारखा फॉन्ट फुकट मिळतो. त्या तरुणाने क्रमांक बदलून देणारा एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला, पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्या गोष्टीचं नाव उर्दूत पडद्यावर उमटलं. अमरावतीच्या बाईंनी ओढणीने डोळे टिपले. आम्ही दोघांनी उगाच पाणी प्यालो.

परतल्यावर दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रयोग अकोल्यात केला. दोन्ही जिल्ह्यांतले बावीस शिक्षक आले. विषय कोणी ठरवले नव्हते. ज्याने त्याने फळ्यावर खडूने लिहायचं, बाकीच्यांनी आवडीच्या विषयासमोर रेघ मारायची. चार गोल झाले. एक गोल साफ फसला. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक चाळीस मिनिटं बोलले आणि अदब आडवा आल्याने त्यांना कोणी थांबवलं नाही. दुपारच्या सत्रात आम्ही घड्याळ सगळ्यात तरुण शिक्षिकेच्या हाती दिलं. तिने त्याच मुख्याध्यापकांना तीन मिनिटांनी “सर, वेळ झाली न” असं वऱ्हाडी गोडीत सुनावलं, आणि ते हसून बसले.

शिक्षण परिषदेत शेवटच्या बाकावर बसून सही करून जाणाऱ्या बायका इथं बोलल्या, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बाळापूरच्या एका आपांनी सांगितलं, की टायपिंग येत नाही म्हणून त्या प्रश्नपत्रिका हाताने लिहून फोटो पाठवतात, आणि ही लाज त्यांनी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. शेजारी बसलेल्या अचलपूरच्या बाईंनी तिथल्या तिथं त्यांच्या मोबाइलवर उर्दू कळफलक लावून दिला. तासाभरात आपांनी पहिला प्रश्न टाइप केला. सभागृहात माइक हाती देऊन विचारलं असतं, तर “सब ठीक है” एवढंच उत्तर आलं असतं.

अकरापैकी आठ गोष्टी धड निघाल्या आहेत. तीन गोष्टींत छोटी हे आणि दोचश्मी हे यांची अदलाबदल झाली आहे, काही ठिकाणी नुक्ते उडाले आहेत. मुद्रितं तपासायला भाभींनीच घेतली. पहिल्या पानावर त्यांनी लाल पेनने चार चुका काढल्या. त्यातली एक संगणकाची नव्हती, मरहूम उस्ताद तो शब्द नेहमी तसाच चुकवायचे, असं त्या हसत म्हणाल्या. ती तेवढी राहू द्या, म्हणाल्या.