माझा आजारी गोट्या

रविवारी सकाळी मी पुळणीवरून शंखातला खेकडा आणला. त्याचे नाव गोट्या ठेवले. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून विहिरीचे पाणी ओतले. भातही घातला, पण त्याने तोंड लावले नाही. दुपारी बघतो तर गोट्या शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. त्याचे मागचे अंग मऊ असते, तिथे कवच नसते. मला रडूच आले. आजोबा म्हणाले, "अरे, खाऱ्या पाण्यातला जीव तो, गोड्या पाण्यात कसा जगेल?" मी कळशी घेऊन समुद्रावर पळालो. येताना निम्मे पाणी सांडले. रात्री मी दोनदा उठून बॅटरीने बघितले. पहाटे त्याने एक पाय आत ओढला! मग बाबांबरोबर जाऊन त्याला खडकातल्या डबक्यात सोडले. डबा अजून पडवीतच आहे.