हात राखून जगणारा

लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या खडूच्या टेकड्या आहेत. तिथल्या जंगलावर बीच या वृक्षाचं राज्य आहे. साल राखाडी आणि गुळगुळीत, दोनशे वर्षांच्या वयातही फारशी न भेगाळणारी. पानांचं छत इतकं दाट, की भर उन्हाळ्यात त्याच्या बुंध्याशी गवतसुद्धा धरत नाही. दिसायला राजबिंडा, स्वभावाने करारी आणि देण्याघेण्यात कमालीचा हिशेबी.

पहिली चाळीस-पन्नास वर्षं तो बहुधा फळतच नाही. पुढे फळू लागला तरी दरवर्षी फळेल याचा भरवसा नाही. एखाद्या वर्षी फांद्या अक्षरशः लवतात. काटेरी आवरण चार बाजूंनी उकलतं, आतून सहसा दोन तिधारी तपकिरी बिया पडतात आणि वाटेवर पाऊल टाकलं की त्या चुरचुरतात. पुढच्या शरदात त्याच झाडाखाली शोधून शोधून मूठभरही बी मिळत नाही. अशी भाकड वर्षं कधी एक, कधी दोन-तीन लागोपाठ जातात.

आपल्याकडे हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, तेव्हा बागायतदार म्हणतात, झाड दमलं. बीचही दमतो. फळण्याच्या वर्षी त्याची साठवण बियांत जाते आणि खोडाचं वर्तुळ अरुंद राहतं. पण दमणं ज्याचं त्याचं असतं. निव्वळ थकव्याचा प्रश्न असता, तर जंगलातली निम्मी झाडं रिकामी आणि निम्मी लगडलेली दिसली असती. इथे अख्खं जंगल एकदम मिटतं आणि एकदम उघडतं. एवढंच नाही, शेकडो किलोमीटरवरचं, समुद्रापलीकडचं जंगलही पुष्कळदा त्याच वर्षी फळतं.

ही एकजूट येते कुठून? वसंतात उमलणाऱ्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच ठरतात, आणि तो उन्हाळा तापलेला असेल तर त्या भरपूर धरतात. 2024मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की युरोपभरचे बीच या उन्हाची नोंद घ्यायला एकाच सुमारास, 21 जूनच्या आसपास सर्वात मोठा दिवस उलटला की सुरुवात करतात. तो दिवस सगळ्यांकडे एकाच तारखेला येतो. घड्याळ नसलेल्या झाडाने वर्षातला असा एक दिवस हेरून ठेवावा, याचं मला अपार कौतुक वाटतं.

आता या हिशेबीपणामागचं कारण. बीचचं बी तेलकट, पौष्टिक. त्यावर टपलेले पुष्कळ. उंदीर, रानडुकरं, पारवे, ज्याची अळी बिया पोखरते असा एक छोटा पतंग. दरवर्षी सारखंच बी पडलं असतं, तर खाणाऱ्यांची संख्या त्या मापाने वाढली असती आणि एकही दाणा मागे उरला नसता. भाकड वर्षांत ही तोंडं उपासाने घटतात. मग सुगीचं वर्ष येतं आणि उरलेल्यांना सगळं संपवता येत नाही. जे सुटतं, ते रुजतं. दुसरा फायदा परागाचा. बीचचे पराग वारा नेतो. सगळे एकाच वेळी फुलले तर ते जागेवर पोचतात, एकटादुकटा फुलला तर त्याच्या बऱ्याच बिया पोचट निघतात.

त्याच्या सुगीवर इतरांचं नशीब हलतं. मध्ययुगात गावकरी शरदात डुकरं या बियांवर चारायला सोडत. 1086च्या इंग्लंडच्या जमीनपाहणीत कित्येक जंगलांची मोजणीच मुळी तिथे किती डुकरं चरतील यावरून केली आहे. फळलेल्या वर्षी उत्तरेकडून येणारे ब्रॅम्बलिंग पक्षी बीचच्या रानांत लाखांनी उतरतात. याची दुसरी बाजूही आहे. 2011मध्ये जर्मनीत बीच जोरदार फळला, बिया खाऊन उंदरांसारखे व्होल माजले, आणि 2012मध्ये त्यांच्यामुळे पसरणाऱ्या हंटाविषाणूने तिथे 2,500हून अधिक माणसं आजारी पडली.

इंग्लंडमध्ये हिल्टन आणि पॅकहॅम या अभ्यासकांनी 1980मध्ये या झाडाचा जमाखर्च लिहायला घेतला. पद्धत साधी: दर शरदात ठरलेल्या झाडाखाली सात मिनिटं बिया वेचायच्या आणि मोजायच्या. विज्ञानातल्या मोठ्या गोष्टी कितीदा अशा चिकाटीतून उभ्या राहतात! 12 ठिकाणच्या 139 झाडांची 39 वर्षांची ही वही 2020मध्ये एकत्र वाचली गेली. त्या काळात उन्हाळे तापत गेले होते. पूर्वी क्वचित येणारा सांगावा आता वारंवार येऊ लागला आणि बीच वारंवार फळू लागला. वरवर पाहिलं तर बियांचं उत्पन्न वाढलं. पण वर्षावर्षांतलं अंतर पुसट झालं, झाडांची आपसातली एकवाक्यता सैल झाली. पतंगाला उपासाचं वर्ष उरलं नाही. पोखरलेल्या बिया वाढल्या, पोचट बिया वाढल्या, आणि उगवण्याजोग्या बियांच्या बाबतीत ही वाढ वाया गेली.

मला हे फार लागतं. जंगलात बी जास्त पडताना दिसलं, की आपण ते भरभराटीचं लक्षण समजतो. बीचची भरभराट त्याच्या नकारात होती, लागोपाठच्या दोन-तीन कोऱ्या शरदांत होती. शिवाय त्याला सवय बदलायला सवड हवी, आणि ज्याची पहिली फळंच चाळिशी-पन्नाशीत येतात त्याची एक पिढी म्हणजे माणसाच्या दोन पिढ्या. त्या वहीची 39 वर्षं बीचच्या हिशेबात एक पिढीसुद्धा भरत नाहीत.