बर्फाखालची दहा मिनिटे

डिसेंबर आला की हिमालयातल्या ट्रेकसाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला बरीच तरुण मंडळी माझ्याकडे येतात. गुडघे, थंडी, विरळ हवा याबद्दल खूप विचारतात. हिमस्खलनाबद्दल क्वचितच कोणी विचारते, म्हणून तो विषय मीच काढतो.

बर्फाखाली माणूस गारठून मरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. नाकातोंडात बर्फ जातो, छाती दाबली जाते आणि आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा श्वासात येतो. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर जेमतेम तीन. एवढ्या वेळात बचाव पथक सहसा पोहोचत नाही. वाचवू शकतात ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे हवे, शिवाय ते वापरायचा सरावही.

त्याहून चांगले म्हणजे त्यात न सापडणे. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. तिथे नुकताच भरपूर बर्फ पडला असेल, वाऱ्याने साचला असेल किंवा एकदम ऊब वाढली असेल, तर जाऊ नका. पायाखाली 'धप्प' आवाज आला, भेग पडली, तर मागे फिरा. माणसे सापडतात ती हिमस्खलने बहुतेक वेळा त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने सुटतात.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढे विचारा : बर्फ धोक्याचा वाटला तर ट्रेक रद्द कराल ना? उत्तर गुळमुळीत आले, तर घरीच थांबा.