आधी समुद्र गाळा, मग प्या!

दुबई म्हटलं की काय आठवतं? मॉल, बुर्ज खलिफा, ड्यूटी फ्री. मीही तेवढंच ठरवून गेले होते. पण शनिवारी सकाळी वहिनीने गाडीची किल्ली दादाच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "हिला आपला समुद्र दाखवू या."

'आपला समुद्र' म्हणजे फुजैरा. दुबईपासून साधारण दीड तास. सात अमिरातींत अरबी आखाताला अजिबात न टेकणारी ही एकच. हिचा अख्खा किनारा ओमानच्या आखातावर. रस्ता हजर पर्वतातून जातो. दोन्हीकडे नुसते तपकिरी दगड, आणि मग एका वळणावर धाडकन निळं पाणी! घाट उतरून कोकणात शिरावं तसं, फक्त हिरवा रंग वजा करून.

अल अका बीचसमोर स्नूपी आयलंड आहे. कार्टूनमधला स्नूपी उताणा झोपल्यासारखा दिसणारा खडक. स्नॉर्कलचा मास्क लावला आणि तासभर माशांच्या मागे फिरले. बाहेर येऊन म्हटलं, "दादा, काय क्लिअर पाणी आहे रे!"

"तुझ्या डोळ्यांना," तो हसला. "मेम्ब्रेनला विचार."

माझा हा चुलतभाऊ केमिकल इंजिनीअर. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या धंद्यात त्याची वीस वर्षं गेलीत. परतीच्या वाटेवर किदफाच्या प्रचंड वीज-पाणी प्लांटच्या चिमण्या दिसल्या आणि त्याची कळी खुलली. रस्त्याकडेला करक चहा घेत आमचा क्लास सुरू झाला.

घरच्या आरओत मेम्ब्रेनच्या आधी एक पांढरा फिल्टर असतो ना, जो काही महिन्यांत तपकिरी होतो? इथे त्याच एका फिल्टरचं काम करायला अख्खा कारखाना लागतो. आधी जाळ्या: शेवाळ, जेलीफिश बाहेर. मग फेरिक क्लोराइड. त्याने बारीक गाळाचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग अँथ्रासाइट कोळसा आणि वाळूचे थर. शेवटी ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज. जिवाणू मारायला क्लोरीन घातला असेल तर तोही काढून टाकायचा, कारण तो मेम्ब्रेन खातो. एवढे लाड झाल्यावर पाणी ६०-७० बार दाबाने मेम्ब्रेनवर सोडायचं. म्हणजे आपल्या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण तीसपट! आणि हाती काय? शंभर लिटरमागे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं पाणी.

"आणि पहिली पायरी चुकली तर?" मी विचारलं.

उत्तर वहिनीने दिलं. "दोन हजार आठ."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर रेड टाइड आली. कॉक्लोडिनियम नावाचं सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढलं, पाणी गंजासारखं झालं. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून ते पलीकडच्या आखातात पसरलं आणि आठेक महिने मुक्काम ठोकून बसलं. टनावारी मासे मेले, प्रवाळ मेलं. आणि पाण्याचे प्लांट एकामागून एक बंद पडले, कारण शैवालाच्या चिकट मळीने वाळूचे फिल्टर तुंबले.

"लग्नाला वर्ष झालं होतं, आम्ही रास अल खैमाला राहायचो," वहिनी सांगत होती. "हा ज्या छोट्या प्लांटवर होता, तो बंद. मी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायची. आईला फोन केला, ठाण्याला परत येते म्हणून. समोर एवढा समुद्र, आणि आंघोळीला बादली मोजून!"

दादा गप्प होता. मग म्हणाला, "त्यानंतर आम्ही शहाणे झालो." आता या भागातल्या नव्या प्लांटमध्ये फिल्टरच्या आधी एक पायरी असते. पाण्यात खालून बारीक बुडबुडे सोडतात, ते शैवालाला चिकटतात आणि त्याला वर तरंगवत आणतात. वरचा फेस खरवडून काढायचा. किदफाच्याच फुजैरा-२ प्लांटमध्ये ही सोय आहे.

आता मुंबईकरांनो, जरा इकडे लक्ष द्या. मनोरीला समुद्राचं रोज २० कोटी लिटर पाणी गोडं करायचा बेत महापालिकेने आखला. सविस्तर अहवालासाठी २०२१मध्ये करारही झाला. चर्चा कसली? खर्चाची आणि विजेची. पण पावसाळ्यात मनोरीचं पाणी बघितलंय? आमच्या करक चहाच्या रंगाचं! स्नूपीपाशी मला तळ दिसत होता, तिथे हे हाल. मग खाडीतून येणारा गाळ आणि सांडपाणी गाळायला काय काय लागेल? प्रकल्पाबद्दल पुढची बातमी वाचाल तेव्हा मेम्ब्रेनच्या आधीच्या पायऱ्या शोधा. समुद्र आपण जेवढा घाण ठेवू, तेवढं नळाचं बिल वाढणार, बॉस.

जायचंय? नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. दुबईहून भाड्याची गाडी घ्या. वाटेत १५व्या शतकातली मानली जाणारी अल बिदियाची छोटीशी मशीद बाहेरून नक्की बघा. स्नॉर्कलचा मास्क न्या. आणि हो, हॉटेलात शॉवर घेताना नळ वेळेवर बंद करा!