पळी घालू नका

भित्र्या माणसाने स्वयंपाक शिकायचा झाला तर भातापासून सुरुवात करावी, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. भात मोठा आतल्या गाठीचा. मासळी तशी नाही. ती जे असेल ते तोंडावर सांगते. कल्ले लालबुंद आहेत की काळवंडले आहेत, डोळा फुगीर नि स्वच्छ आहे की आत जाऊन गढुळला आहे, अंगावर बोट दाबले तर खड्डा लगेच भरून येतो की तसाच राहतो, सगळे उघड! अशा सरळ जिन्नसाला भ्यावे कशाला? आणि तरीही पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बांगडा हातात धरताना माझा हात थरथरत होता, हेही खरे.

त्या थरथरण्याला बांगडा निमित्तमात्र. आमच्या घरात तिखल्याची चव एकाच हातात होती, आणि त्या हाताची बोटे संधिवाताने वाकली. मालवणाहून आलेली ही चव तिने कधी कागदावर उतरवली नाही. तिच्या आईनेही नाही. मीठ किती, म्हटले की "लागेल तेवढे". पाणी किती, म्हटले की "मासे दिसतील इतके". मुले परगावी. म्हणजे मी शिकलो नाही तर ती चव आमच्यापुरती संपली. असले ओझे डोक्यावर घेऊन कुणी चुलीपाशी जात नाही; मी गेलो.

बाजारातले काम त्या मानाने सोपे. "मावशी, बांगडा ताजा आहे ना?" हा प्रश्न कोळणीला कधी विचारू नये, त्याचे उत्तर एकच असते. मुकाट्याने कल्ला उचलून पाहावा. साफसफाई तिच्याकडूनच करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र बांगड्याची पिशवी हातात लोंबकळवीत उन्हातून गप्पा मारीत येऊ नये. हा मासा थंड ठेवला नाही तर त्याच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते, आणि मग कितीही शिजवा, ते जात नाही. तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते. घरी येताच तो बर्फावर गेला पाहिजे.

पुढचे सारे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून मिळालेल्या हुकमांप्रमाणे. तुकड्यांना मीठ-हळद. सुक्या मिरच्या, धणे नि थोडे खोबरे बारीक वाटायचे. आमसुले भिजत टाकायची. तिरफळातले काळे बी काढून टाकून साल तेवढी ठेचायची. बांगड्याच्या तेलकट वासाला तीच पुरी पडते. फोडणी नाहीच, त्यामुळे नवशिक्याची निम्मी धास्ती कमी होते. रस्सा उकळला की तुकडे सोडायचे.

"अहो, पळी घालू नका हं!"

हा हुकूम मी प्रथम हट्टाने ऐकला, मग समजून घेतला. मटणाचे धागे लांब नि चिवट, त्यांना तासभर रटरटावे लागते. माशाचे तंतू आखूड, आणि त्यांना जोडणारे पापुद्रे इतके नाजूक की थोड्याशा आचेवर विरघळतात. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. त्यानंतर पळीचा स्पर्श म्हणजे रश्शात चुरा. म्हणून भांडे दोन्ही बाजूंनी फडक्याने धरायचे आणि हलकेच गोल फिरवायचे. नवशिक्याला सर्वांत जड जाते ते हेच, काही न करणे. ढवळण्याने आपण काहीतरी करीत आहोत असा धीर येतो, आणि तिखल्याला तो धीर नको असतो.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मी माझ्या ताटाकडे पाहिलेच नाही. ज्या बोटांना विळीवर नारळ धरवत नाही, ती बोटे बांगड्याचा काटा मात्र पूर्वीसारखाच अखंड सोडवीत होती. दुसऱ्यांदा भात घेतला. मग म्हणाली, "तिरफळ अजून एखादे चालले असते." आणि थोड्या वेळाने, "उद्या तारल्या दिसल्या तर बघा. लहान आणा, मोठ्या नकोत."